डाव्या हाताची पंगत

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरामागे एक कडुलिंब आहे. मार्च सरत आला की त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा सडा थेट माझ्या कामाच्या खोलीत येतो. खिडकी लावून घेतली तरी येतो, कुठून येतो ते त्यालाच ठाऊक. मी लाकडावर शाई फिरवलेली असते आणि ही फुलं नेमकी त्यावर येऊन चिकटतात. मग कागद उचलला की तिथे तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका राहिलेला दिसतो. पूर्वी मी चिमटा घेऊन एकेक फूल वेचत बसायचे आणि झाडाला शिव्या घालायचे. आता वय झालं, झाडाशी भांडण मिटलं. उलट कागदावर ठिपका आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

त्या खोलीत माझी तीन टेबलं आहेत. एक रंगांचं, एक छापाईचं आणि एक सुतारकामाचं. रंगांच्या टेबलावर मी जरा मोकळी असते. चुकलं तर वरून दुसरा हात मारता येतो. सुतारकामाच्या टेबलावर मात्र गप्प राहावं लागतं, कारण काढलेलं लाकूड परत बसत नाही. आणि छापाईच्या टेबलावर तर नुसती प्रार्थनाच. कागद लाकडावर टाकायचा, पितळी वाटीच्या बुडानं पाठीवरून घासत राहायचं, आणि खाली काय उमटतंय ते कागद उचलेपर्यंत कळायचं नाही. चर्चमध्ये इतकी वर्षं विश्वासावर प्रवचनं ऐकली, पण विश्वास म्हणजे काय ते मला त्या घासण्याच्या दहा मिनिटांत जास्त कळतं. शेजारच्या वहिनी विचारतात, "मॅडम, तुम्ही नेमकं काय करता हो?" मी म्हणते, "सुतारकी." कारण मी सुताराची मुलगी, आणि बाकीचं सगळं त्याच्यावरच रचलेलं आहे.

लिंब फुलला की आमचा उपासकाळ चालू असतो. घरात आम्ही त्याला लेंतच म्हणायचो. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस. या दिवसांत दरवर्षी मी भिंतीवरून एक जुनी सागवानी फळी उतरवते, पुसते, शाई लावते आणि तिच्यावरून एकच कागद काढते. एकच, जास्त नाही. त्या फळीवर जे कोरलंय त्यात एक मोठी चूक आहे. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाच्या मुलानंही करू नये अशी. ती मी केली तेव्हा चाळिशीला आले होते आणि शाळेत चित्रकला शिकवत होते, म्हणजे बघा.

त्या वर्षीचा लेंत आठवतो तो आधी कडब्याच्या वासानं. शाळू काढून झाला होता आणि पडेगावच्या रस्त्यानं कडब्याच्या गाड्या चालल्या होत्या. शाळा सकाळची झाली होती. पेपर तपासायचे गठ्ठे पिशवीत कोंबून मी दुपारी लुनावर बसायचे, क्रांती चौकातून वळून पडेगाव गाठायचे. ऊन असं की डोक्याला पदर घट्ट बांधला तरी कान भाजायचे. दौलताबादच्या बाजूनं वारा सुटला की तोंडात धूळ यायची. त्या वर्षी लेंतसाठी मी चहा सोडला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "चहा सोडल्याली बाई अन् धार गेल्याली पटाशी, दोन्हीच्या जवळ जाऊ नाय."

आप्पा पडेगावला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच राहायचे. आई गेल्यावर मी कितीदा म्हटलं, शहरात चला, पण त्यांना रंधलेल्या लाकडाच्या वासाशिवाय झोप येत नसे. तरुणपणी ते जुन्या शहरात एका उस्तादाच्या हाताखाली कापड छापायचे ठसे कोरायला शिकले होते, बुट्ट्या आणि वेलबुट्ट्यांचे. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांत तो धंदा बसला आणि आप्पा दारं-खिडक्यांकडे वळले. बैलगाडीची चाकं, पाळणे, मयताच्या पेट्या, सगळं केलं. आमच्या चर्चमधली बाकं त्यांचीच, आणि ज्यावर प्रभुभोजनाची भाकर ठेवतात ते सागवानी मेजही त्यांचंच. दोन फळ्या जोडून वरचा पाट केला होता, पण सांधा कुठे आहे ते बोटानं चाचपूनही कळायचं नाही. लहानपणी मी त्या मेजाकडे बघत प्रवचन संपायची वाट बघायचे, आणि माझे वडील देवाच्या घरचे सुतार आहेत याची मला भारी ऐट होती.

त्या लेंतच्या आठ वर्षं आधी लाकडाच्या वखारीत, मशीनच्या करवतीनं आप्पांच्या उजव्या हाताची तीन बोटं आणि अंगठ्याचं पेर नेलं. बरे झाले, महिनाभरात कामालाही लागले. डाव्या हातानं रंधा मारायला शिकले, डाव्या हातानं खिळा ठोकायला शिकले. जेवायलाही डाव्या हातानंच लागले, पण तेव्हापासून त्यांनी कुणाच्या समोर बसून घास घेतला नाही. माझ्याकडे आले तरी ताट घेऊन मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून बसायचे. आणि प्रभुभोजन त्यांनी सोडलं. आमच्या मंडळीत पाद्रीसाहेब भाकरीचा तुकडा प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर ठेवतात. आप्पांच्या तळहाताला तो धरायला बोटं नव्हती. पाद्रीसाहेब चांगले होते, स्वतः शेडवर येऊन सांगून गेले की देवाला दोन्ही हात सारखे. आप्पा म्हणाले, "देवाला असतील. डावा हात पुढं करू का मी त्याच्यासमोर? त्या हातानं काय काय धुतो माणूस."

रविवारी चर्चला मात्र न चुकता यायचे. स्वतः केलेल्या शेवटच्या बाकावर बसायचे. भाकर मोडायची वेळ झाली की हळूच उठायचे, बाहेर सायकल बघून येतो म्हणायचे. आठ वर्षं ती सायकल कुणी नेली नाही. त्यांना पंगतीतून कुणी उठवलं नव्हतं, ते आपले आपणच उठले होते. म्हणून परत बसा असं सांगायलाही कुणाला तोंड नव्हतं. मला ते फार लागायचं. ज्या माणसानं मेज केलं तोच त्या मेजावर जेवत नाही, हे बघत मी दर महिन्याला तो घास घशाखाली ढकलायचे.

त्या वर्षी चर्चला कुणीतरी संगमरवरी मेज दिलं. जुनं मेज मोडकळीला आलं होतं, पाय वाळवीनं खाल्ले होते. वरचा पाट तेवढा धडधाकट होता, तो हातगाडीवर घालून पडेगावला पोचता केला. आप्पांनी तो शेडच्या भिंतीला उभा करून ठेवला. लेंत सुरू व्हायच्या आधी पाद्रीसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, पवित्र गुरुवारसाठी प्रभूच्या शेवटच्या जेवणाचं एक मोठं चित्र करा, नव्या मेजामागे लावू. मी आप्पांना सांगितलं. ते उठले, पाट जमिनीवर आडवा केला, उजव्या हाताच्या उरल्यासुरल्या बोटानं त्याच्यावरची धूळ पुसली.

"ह्याच्यावर कर," म्हणाले. "जेवणाचंच लाकूड हाय."

दुसरी फळी नव्हती, दुसरा पाट नव्हता. मी घाबरले होते, आणि तितकीच हुरळलेही होते. कारण मला त्याच क्षणी काय करायचं ते कळलं होतं. प्रभूला मी आप्पांचा हात देणार होते. जुना, पाची बोटांचा उजवा हात. ज्या हातानं ते ज्वारीची भाकरी ताटात अंगठ्याखाली दाबून एका झटक्यात मोडायचे. आप्पांनी तो हात पुन्हा भाकर मोडताना बघावा, आणि उठून बाहेर जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. सायकलवरचं ते लक्ष एकदाचं निघावं.

आधी पुठ्ठ्यावर रंगांत चित्र केलं. मेजाबिजाला फाटा दिला. सगळे जमिनीवर, गोल पंगतीत, मध्ये कालवणाची परात. शिष्यांना चेहरे इथलेच. शेडसमोरच्या रानात एक धनगर मेंढरं घेऊन उतरला होता, तो रोज येऊन डोकावायचा. "ह्यो कोण?" विचारायचा. "पेत्र, प्रभूचा थोरला शिष्य," मी सांगायचे. "त्याला पटका नीट बांधता येईना," म्हणाला, आणि स्वतःचा पटका सोडून पुन्हा बांधून दाखवला. त्यालाच मी पेत्र केलं. मग सगळं कोळशानं पाटावर उतरवलं आणि कोरायला बसले.

कोरताना मी बोलत नाही. आप्पा समोर बसून माझ्या पटाशांना धार लावून द्यायचे, तेही बोलायचे नाहीत. पत्रा तापून कडकड वाजायचा, घशाला सारखं माठातलं पाणी लागायचं, लाकडाचे कुरळे तुकडे पायाशी साचायचे. जुन्या सागाला कापताना वास येतो, तेलकट, किंचित कडू. त्यात कुठेतरी मला सांडलेल्या द्राक्षरसाचाही वास यायचा, खरा असेल नसेल. वर्षानुवर्षं ज्या लाकडावर मंडळीनं भाकर ठेवली ते लाकूड मी उकरत होते, म्हणून रोज बसायच्या आधी क्षमा मागायचे. ज्या दिवशी प्रभूचा हात कोरायला घेतला त्या दिवशी आप्पा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हात नीट कोर," म्हणाले. "घाई करू नको."

मला वाटलं, त्यांनी ओळखला. आनंदानं डोळे भरून आले आणि मी पटाशी खाली ठेवून नाक पुसायला बाहेर गेले.

पवित्र आठवड्यातला बुधवार. कागजीपुऱ्याहून हातकागदाचा मोठा ताव आणून ठेवला होता. शाई लावली, कागद टाकला, वाटीनं घासला. आप्पांनी एक कोपरा धरला, मी एक धरला आणि आम्ही कागद उचलला.

छाप सुरेख उठला होता. पटका उठला होता, परातीचे काठ उठले होते, भाकरीवरचे डाग उठले होते. आणि तेराच्या तेरा माणसं डाव्या हातानं जेवत होती. प्रभूही डाव्याच हातानं भाकर मोडत होता.

लाकडावरचं कागदावर उलटं येतं, हे मी शाळेत पोरांना शिकवत होते. बटाटा कापून ठसे करताना दरवर्षी सांगत होते. पण तोवर मी स्वतः लाकडावर कोरलं होतं ते काय, तारे, कबुतरं, पानं. ती इकडून बघा नाहीतर तिकडून, सारखीच. आणि ह्या पाटावर तर चाळीस दिवस सगळं बरोबर दिसत होतं, उजवा हात उजवाच होता. लाकडासमोर बसून मी कागदाला विसरले होते. वर्गात एखादं पोर डाव्या हातात खडू धरायला लागलं की मीच तो काढून उजव्या हातात द्यायचे, हेही मला तेव्हाच आठवावं! आप्पांचा हात त्यांना परत द्यायला निघाले होते, आणि जे दुखणं ते आठ वर्षं भिंतीकडे तोंड करून लपवत होते तेच मी चर्चच्या भिंतीएवढं करून ठेवलं होतं.

मी रडायलाच लागले. आप्पा कागदाकडे बघत होते.

"वाळू दे," म्हणाले. "शाई वली हाय."

"आप्पा, हे नाही लावायचं. बघा ना, सगळे डाव्या हातानं..."

"व्हय."

"फळीच लावू. फळीवर बरोबर आहे."

"फळी मेजाची हाय, भिताडाची नाय," ते म्हणाले. "कागदच लाव. कागद चांगला आलाय."

त्यांना माझं मन मोडायचं नसेल असं मला वाटलं. पाद्रीसाहेब तरी नको म्हणतील या आशेनं मी गुरुवारी दुपारी गुंडाळी घेऊन चर्चमध्ये गेले. त्यांना काही दिसलंच नाही! चष्मा वर करून, खाली करून बघितलं, "फार सुंदर, फार सुंदर," म्हणाले आणि स्वतः दोरी बांधून कपड्यांचे चिमटे लावले. मी चूक दाखवायचं सोडून दोरीचं दुसरं टोक धरून दिलं. माझ्या भित्रेपणाला त्या दिवशी तोड नव्हती.

गुरुवारच्या संध्याकाळी आमच्याकडे बाकं भिंतीला सरकवतात आणि सगळे चटयांवर पंगतीनं बसतात. आप्पांचं शेवटचं बाकही त्या दिवशी नसतं, म्हणून ते बाहेर लिंबाखाली सायकल धरून उभे राहायचे. पंगत लावायचं काम सखूबाईंचं. चर्च झाडण्यापासून बायकांना दटावण्यापर्यंत सगळा कारभार त्यांच्याकडे. त्या चटया अंथरत अंथरत पुढे आल्या, कंबरेवर हात ठेवून चित्राकडे बघत राहिल्या, आणि आख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आगं बया! ही समदी डाव्या हातानं जेवायलीत की!"

एकच हशा पिकला. पोरं तर लोळायला लागली. कुणीतरी डाव्या हातानं खोटा खोटा घास घेऊन दाखवला, त्याला आईनं चापट मारली. पाद्रीसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि आता मात्र त्यांना दिसलं. मी उठले. चित्र उतरवायचं आणि पाठीमागच्या दारानं निघून जायचं, एवढंच डोक्यात होतं. एक चिमटा काढलाही.

तेवढ्यात हसणं दाराकडून विझत आलं. मी वळून बघितलं. आप्पा दारात वाकून वहाणा काढत होते. डोक्याची टोपी त्यांनी हातात घेतली आणि चित्राकडे बघत, कुणाकडेही न बघता, पुरुषांच्या पंगतीच्या टोकाशी येऊन उभे राहिले. तिथे जागा नव्हती. मग सखूबाईच ओरडल्या,

"सरका की रं जरा! मेज केल्याला माणूस हाय त्यो. बसू द्या त्येला."

पंगत सरकली. आप्पा मांडी घालून बसले. मी काढलेला चिमटा पुन्हा लावला. भाकर घेऊन पाद्रीसाहेब पंगतीतून येत येत टोकाशी आले. आप्पांनी डावा तळहात पुढे केला. त्याच्याखाली, आधाराला, तुटका उजवा हात. पाद्रीसाहेब थांबले, त्यांनी तुकडा ठेवला. आप्पांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटून खूप वेळ चावत राहिले. मागून सखूबाई डोळ्याला पदर लावून उगाचच पोरांवर खेकसत होत्या.

त्यानंतर सहा वर्षं आप्पा त्या पंगतीत बसले, अगदी शेवटच्या उपासकाळापर्यंत. माझ्या घरीही पडवी सोडून आत, आमच्यात येऊन जेवायला लागले. तो कागद पिवळा पडला, मग फाटला. फळी माझ्याकडे आली. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं विचारतात, मॅडम, ही चूक कळल्यावर तुम्ही पुन्हा उलटं करून का नाही कोरलं? मी त्यांना शाई ढवळायला लावते. या वर्षीचा कागद परवाच काढला, पेत्राच्या पटक्यावर लिंबाचे दोन ठिपके आलेत.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी सण झाल्यावर मी शेडवर गेले होते. लेंत संपला होता, आम्ही चहा पीत होतो. मला राहवेना. आप्पांना वाटत असेल मी मुद्दाम, त्यांच्यासाठी तसं कोरलं, आणि फुकटचं श्रेय माझ्या घशाखाली उतरेना.

"आप्पा, खरं सांगू? ते चुकून झालं. मी तुमचा उजवा हात काढला होता."

ते दगडावर पटाशी घासत होते. "ठावं हाय," म्हणाले. "माझा हात मी वळखणार नाय व्हय?"

"पण तो डावा येईल हे मला..."

"मला ठावं व्हतं. तू कोळशानं काढलंस त्या दिशीच कळलं. आगं, उस्तादाकडं सहा वर्सं ठसे कोरले मी. उजव्याचं डावं होतंय, हे काय मला शिकवायला पायजे?"

मला असा राग आला की चहाची कपबशी खाली आपटली. चाळीस दिवस समोर बसून माझ्या पटाशांना धार लावत होते, हात नीट कोर म्हणत होते!

"मग बोलला कामून नाहीत?"

आप्पांनी पटाशीचं पातं डाव्या अंगठ्यावर तपासलं, धोतराला पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"बोललो असतो तर तू पुसून टाकलं असतंस," ते म्हणाले. "म्हटलं, येऊ दे कागदावर. ज्या पंगतीत खुद प्रभूच डाव्या हातानं जेवायलाय, तिथून मला कोण उठवंल?"